रोख नाकारण्याचा अधिकार कोणाचा?

पुणे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावर इंदापूरनजीक सरडेवाडी येथे पथकर नाका आहे. देशातील इतर राष्ट्रीय महामार्गांप्रमाणेच या नाक्यावरही १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून असा नियम लागू झाला, की ज्या वाहनाच्या काचेवर चालू स्थितीतील फास्टॅग नसेल त्याने दुप्पट पथकर भरावा. पुढे १५ नोव्हेंबर २०२५ पासून त्यात थोडी दुरुस्ती झाली. अशा वाहनचालकाने मोबाइलवरून यूपीआयद्वारे पैसे भरल्यास सव्वापट आकार आणि रोख भरल्यास पूर्वीप्रमाणेच दुप्पट, असे ठरले. म्हणजे वाहन तेच, रस्ता तोच, वेळही तीच. दर मात्र तीन. जो नोट पुढे करील त्याच्या शंभर रुपयांचे मोल त्या खिडकीपाशी पन्नास झाले. नोट खोटी नव्हती, फाटकी नव्हती. तीवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची सही होती आणि केंद्र सरकारची हमी होती. तिचा दोष एवढाच, की ती कागदाची होती.

रोख पैसे नाकारून कार्डाने वा मोबाइलनेच पैसे घेण्याची प्रथा आता पथकर नाक्यापुरती राहिलेली नाही. मोठ्या शहरांतील काही खाद्यदालनांत आधी कार्डात पैसे भरल्याखेरीज चहाचा कपही मिळत नाही. अनेक परीक्षांची व प्रवेशांची शुल्के ऑनलाइनच भरावी लागतात. वीज नियामक आयोगाच्या निर्देशानुसार १ ऑगस्ट २०२३ पासून महावितरणच्या लघुदाब ग्राहकांना महिन्याला ५ हजार रुपयांपर्यंतच, आणि शेतीपंपाच्या ग्राहकांना १० हजारांपर्यंतच, बिल रोखीने भरता येईल असे ठरले. या बदलाचे समर्थक त्याला प्रगती म्हणतात आणि विरोधकांना त्यात बँकांचे कारस्थान दिसते. दोन्हींकडे अभिनिवेश पुष्कळ आहे आणि हिशेब थोडा आहे.

हिशेब करावयाचा तर प्रथम रोखीविरुद्धची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती लहान नाही. केवळ नोटा छापण्यासाठी रिझर्व्ह बँकेला २०२४-२५ या वर्षात ६ हजार ३०० कोटी रुपयांहून अधिक खर्च आला. नोटा मोजणे, वाहून नेणे, सांभाळणे, खोट्या नोटा वेगळ्या काढणे हा खर्च त्याखेरीज. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांपुरते बोलावयाचे तर पैसे खात्यात जमा होण्याचा लाभ इथल्या शेतकऱ्याने कधीच ओळखला आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखान्यांच्या उसाचे बिल सभासदाच्या खात्यात जमा होते. दर दहा दिवसांचा 'दुधाचा पगार' बँकेत येऊ लागल्यापासून ज्या घरांत गोठ्याचे काम बायकांकडे आणि पैसा पुरुषांकडे अशी वाटणी होती, त्यांतील काहींत तरी निदान पासबुकावर बाईचे नाव आले. भिगवणच्या मासळी बाजारात बाहेरगावच्या व्यापाऱ्याला लिलावानंतर नोटांची पिशवी सांभाळत परतण्याची गरज उरली नाही. ज्या कारकुनाने आयुष्यभर खिडकीमागे बसून नोटा मोजल्या, त्याला तर रोखीविषयी कसलेही ममत्व वाटण्याचे कारण नाही.

आणि हे सर्व सक्तीवाचून घडले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीने ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात २ हजार कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. लोकांना सोय दिसली, त्यांनी ती घेतली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थांबून एक आकडा मात्र शेजारी ठेवावा. नोव्हेंबर २०१६ च्या आरंभी देशात सुमारे १८ लाख कोटी रुपयांचे चलन फिरत होते. मार्च २०२५ अखेर ते ३६ लाख कोटींवर गेले होते. मोबाइलवरचे व्यवहार कैक पटींनी वाढले आणि नोटाही दुप्पट झाल्या. लोक दोन्ही वापरतात, प्रसंग पाहून वापरतात. कोणत्या प्रसंगी काय वापरावे हे देणाऱ्याने ठरवावे की घेणाऱ्याने, एवढाच खरा वाद आहे.

रोख आणि रोखा

या वादाला बारामती-इंदापूरच्या भूमीत फार जुनी मुळे आहेत. फक्त त्या काळी सक्ती उलट दिशेची होती. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील जमीन महसुलाचे जे प्रयोग झाले, त्यांचे एक प्रमुख क्षेत्र इंदापूर तालुका हे होते. १८२० नंतरच्या दशकात प्रिंगल या अधिकाऱ्याने रिकार्डोच्या खंड सिद्धांताचा आधार घेऊन पुणे जिल्ह्यात आकारणी केली. सिद्धांत निर्दोष असेल. आकारणी अशी जड झाली, की शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. (पाठ्यपुस्तकातील सिद्धांताने माणसे गावाबाहेर घालविल्याचे उदाहरण वर्गात सांगावयास हवे असेल, तर दूर जाण्याची गरज नाही.) म्हणून १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातच नवी पाहणी हाती घेतली, दर उतरविले आणि ते तीस वर्षांसाठी कायम केले. इतिहासाच्या पुस्तकांत या सुधारणेची प्रशंसा आढळते, आणि ती अस्थानी नाही.

परंतु एक गोष्ट दोन्ही आकारण्यांत समान होती. सारा ठरलेल्या तारखांना, ठरलेल्या हप्त्यांनी, रोख रुपयांत भरावयाचा होता. मराठी अमदानीतही रोख वसुली होत असे, हे खरे. पण तिच्यात पिकाच्या स्थितीप्रमाणे सूट देण्याची, थांबण्याची, पाटील-देशमुखांच्या मध्यस्थीने काही जमवून घेण्याची जागा होती. नव्या व्यवस्थेत ती फारशी उरली नाही. धान्याचे भाव पडले तरी रुपयांचा आकडा तोच राही, म्हणजे तितकेच रुपये उभे करण्यासाठी जास्त पोती विकावी लागत. पीक हाती येण्याआधी हप्त्याची तारीख आली, तर रुपये सावकाराकडून आणावे लागत. रोख हवी म्हणून रोखा लिहून द्यावा लागे. मराठीत या दोन शब्दांत एका काना-मात्रेचे अंतर आहे; त्या काळच्या शेतकऱ्याच्या आयुष्यात तेवढेही नव्हते.

१८६७ मध्ये तीस वर्षांची मुदत संपून इंदापूरची फेरआकारणी झाली, ती अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाचे आणि त्याबरोबर सर्वच मालाचे भाव चढलेले असताना. दर पुष्कळ वाढले. पुढे भाव उतरले, दर राहिले. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे, म्हणजे तेव्हाच्या भीमथडी आणि आजच्या बारामती तालुक्यात, बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली. त्यांचा मुख्य रोख होता तो वह्यांवर आणि कर्जरोख्यांवर. हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले, सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी साहाय्यक कायदा आला. दख्खनच्या दंग्यांची कारणे अनेक आहेत आणि ती सारी पैशाच्या रूपात कोंबणे चुकीचे होईल. तथापि देणे कोणत्या रूपात द्यावयाचे हे बलवान बाजूने ठरविले, की ते रूप मिळविण्याचा खर्च दुबळ्या बाजूवर पडतो आणि त्या खर्चावर तिसराच कोणीतरी पोसला जातो, एवढे त्या चाळीस वर्षांत या दोन तालुक्यांनी पुरते पाहिले.

आज रुपयाची जागा कार्डाने घेऊ पाहिली, तरी खर्चाची वाटणी त्याच रीतीने होते. ज्याच्या हाती स्मार्टफोन, बँकेत शिल्लक, मोबाइलला क्रमांक जोडलेला आणि इंग्रजी सूचना वाचण्याचा सराव आहे, त्याला नवी पद्धत फुकट पडते. गळीत हंगामात बीड, अहिल्यानगरकडून येणाऱ्या ऊसतोड मजुराची स्थिती पाहावी. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तिला मुकादमाकडून मिळणारी उचल बहुधा रोख असते. फोन असला तर जोडीत एक, आणि तो नवऱ्याच्या खिशात. फडात मूल आजारी पडले आणि नवरा उसाच्या गाडीबरोबर कारखान्यावर गेला असला, तर त्या बाईच्या कनवटीला असलेली दोनशेची नोट हेच तिचे सारे बँकिंग होय. औषधाच्या दुकानाने ती नोट नाकारली तर तिने कोणता पर्याय निवडावयाचा?

साध्या फोनवरूनही यूपीआय चालावी अशी सोय रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये करून दिली, असे उत्तर यावर दिले जाते. सोय झाली हे चांगलेच; परंतु ती वापरण्यासाठी फोन, क्रमांक आणि खाते ही तिन्ही स्वतःची असावी लागतात.

सरकारने नाकारलेली नोट

रोख नाकारली जाते तेव्हा काय होते, याचा धडा या भागाने अलीकडेच घेतला आहे. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. मूल्याने पाहता फिरत्या नोटांपैकी सुमारे ८६ टक्के नोटा एका रात्रीत निरुपयोगी ठरल्या. त्या बँकेत भरण्यास ३० डिसेंबरपर्यंत मुदत होती. परंतु १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना या नोटा स्वीकारण्यास व बदलून देण्यास मनाई केली. गैरमार्गाचा पैसा या बँकांतून पांढरा होईल अशी भीती होती. भीती सर्वस्वी निराधार होती, असे सहकाराचा कारभार पाहिलेला माणूस म्हणणार नाही. पण मनाईचा फटका कोणाला बसला? १९१७ मध्ये स्थापन झालेली पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक ही खेड्यातील विविध कार्यकारी सोसायटीच्या सभासदाची एकमेव बँक होती. त्याचे पीककर्ज तेथे, उसाचे बिल तेथे, बचत तेथे. शहरातला नोकरदार आपल्या राष्ट्रीयीकृत बँकेत रांग लावून नोटा भरू शकला. निमगाव केतकीच्या पानमळेवाल्याला किंवा बोरीच्या द्राक्षबागाईतदाराला, त्याचे खाते जिल्हा बँकेतच असेल तर, आधी दुसऱ्या बँकेत खाते शोधावे लागले. हंगाम नुकताच सुरू झाला होता आणि मजुरी आठवड्याच्या आठवड्याला द्यावयाची होती.

त्या प्रकरणाचे शेपूट फार लांब राहिले. ८ नोव्हेंबरला तिजोरीत शिल्लक असलेल्या जुन्या नोटा राज्यातील आठ जिल्हा बँकांकडून घेतल्या गेल्या नाहीत. त्यांची एकत्रित रक्कम सुमारे ११२ कोटी होती आणि त्या आठांत पुणे जिल्हा बँकही होती. ज्या नोटा व्यवहारात प्रामाणिकपणे स्वीकारल्या गेल्या होत्या, त्या तोटा म्हणून लिहून टाकाव्यात असे २०१८ मध्ये त्या बँकांना सुचविण्यात आले. इकडे रिझर्व्ह बँकेच्याच अहवालाप्रमाणे रद्द नोटांपैकी ९९.३ टक्के नोटा बँकांत परत आल्या होत्या.

त्याच दिवसांत ठाणे जिल्ह्यातील धसई हे राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून १ डिसेंबर २०१६ रोजी जाहीर झाले. दुकानदारांना कार्ड घेण्याची यंत्रे मिळाली, छायाचित्रे छापून आली. नोटा पुरेशा उपलब्ध झाल्यावर तेथील व्यवहार बव्हंशी पुन्हा रोखीवर आले. त्यात गावकऱ्यांचा मागासलेपणा पाहणाऱ्यांनी जानेवारी २०१७ आठवावा. कार्डाने पेट्रोल विकल्यास एक टक्का आकार बँका लावणार असे कळताच देशातील पेट्रोलपंपचालकांच्या संघटनेने कार्डे घेणार नाही असे जाहीर केले होते, आणि तो आकार बाजूला ठेवल्यावरच ती माघार घेतली गेली. पैसे देण्याच्या प्रत्येक पद्धतीला खर्च असतो, आणि तो कोण सोसणार हे ठरेपर्यंत कोणालाच पुरोगामित्व सुचत नाही.

नोटेवरील हमी किती?

रोख नाकारणे बेकायदा नाही काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. रिझर्व्ह बँक कायदा १९३४ च्या कलम २६ प्रमाणे प्रत्येक नोट भारतात कोठेही देणे फेडण्यासाठी वैध चलन आहे. सामान्य माणूस याचा अर्थ असा घेतो, की नोट कोणी नाकारूच शकत नाही. कायद्याचा अर्थ याहून अरुंद आहे. वैध चलन ही देणे फेडण्याबाबतची तरतूद होय. आणि देणे अगोदर निर्माण व्हावे लागते. खानावळीत माणूस आधी जेवतो, मग पैसे देतो. जेवण झाले की देणे निर्माण झाले. मालकाने आधी काही सांगितले नसेल, तर त्याने नोट नाकारणे टिकणारे नाही. परंतु जेथे आधी कूपन घ्यावयाचे आणि मग थाळी मिळते, तेथे कूपनाच्या खिडकीपाशी अद्याप कसलेच देणे नसते. 'आमच्याकडे कार्डानेच' अशी अट दुकानदार घालू शकतो आणि ग्राहकाने ती मानावी किंवा उपाशी जावे. नोटेवरची हमी त्याच्या मदतीला येत नाही. दुकानदाराने रोख घेतलीच पाहिजे, असा स्वतंत्र नियम कायद्यात घातलेला नाही. उलट १ एप्रिल २०१७ पासून दोन लाख रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई झाली. मोठ्या रकमांना ती योग्यच होती.

बारामतीच्या बाजारपेठेत असा फलक लावण्याचे धाडस किराणा दुकानदार सहसा करणार नाही. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल. येथे नकार सौम्य शब्दांत येतो: 'सुट्टे नाहीत, स्कॅन करा.' सुट्ट्या पैशांची टंचाई ही जुनी व्याधी आहे. पूर्वी रुपयाऐवजी गोळी हातावर ठेवीत. ती गोळी पुन्हा दुकानदाराला देऊन पाहावी, तो घेत नसे. दहा रुपयांचे नाणे खेडोपाडी अजून उगाच नाकारले जाते म्हणून रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८ मध्ये त्याचे चौदाही प्रकार वैध असल्याचा खुलासा करावा लागला होता. एसटीच्या वाहकापासून भाजीवालीपर्यंत सर्वांची ही अडचण खरी आहे आणि क्यूआरच्या चौकोनाने ती सुटली, हेही खरे आहे. जो स्कॅन करू शकत नाही त्याला मात्र पाच रुपयांसाठी एखादी वस्तू जास्त घ्यावी लागते. तुकोबांची पालखी दर वर्षी काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. त्या वाटेवर केळी, चहा, तुळशीच्या माळा विकणाऱ्यांकडेही क्यूआरचे फलक दिसू लागले आहेत. परंतु वारीतल्या म्हातारीच्या पिशवीतील नाणी त्यांपैकी कोणी नाकारीत नाही, कारण त्याचा धंदाच तीवर आहे.

उलट प्रकारचा नकारही लक्षात घेण्याजोगा आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या विक्रीकर खात्याने यूपीआयवरील जमेच्या आधारे लहान दुकानदारांना नोटिसा धाडल्या, तेव्हा बंगळूरच्या अनेक दुकानांतून क्यूआरचे फलक उतरले आणि 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. कर चुकविणाऱ्यांचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण दूध आणि भाजी विकणाऱ्यालाही आपला माल करमुक्त असल्याचे सिद्ध करीत बसावे लागेल अशी धास्ती वाटली, तर तो सोयीची पद्धतही सोडून देतो. आणि १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय यंत्रणा काही तास देशभर अडखळली, त्या दिवशी ज्यांच्या खिशात नोट होती त्यांचाच व्यवहार झाला. ज्या समाजाने रोख पुरती मोडीत काढली असेल, त्याला अशा दिवशी हात चोळीत बसावे लागेल.

परदेशांत या प्रश्नावर उशिरा का होईना, पण कायदे झाले आहेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात रोख ग्राहकाला नाकारू नये असा कायदा १९७८ पासून आहे. तेव्हा तर यंत्रावर कार्ड टेकविण्याची कल्पनाही नव्हती. फिलाडेल्फिया शहराने २०१९ मध्ये आणि न्यूयॉर्कने २०२० मध्ये तसा नियम केला. मोबाइलने पैसे देण्यात जगाच्या पुढे गेलेल्या चीनमध्ये मध्यवर्ती बँकेने २०१८ मध्ये रोख नाकारणे बेकायदा असल्याचे बजावले. नॉर्वेमध्ये नोटांचा वापर अगदी थोडा उरला आहे, तरीही १ ऑक्टोबर २०२४ पासून तेथील दुकानांना ठरावीक रकमेपर्यंत रोख स्वीकारणे बंधनकारक झाले. डेन्मार्कने रात्रीच्या वेळी, विशेषतः दरोड्याचा धोका असलेल्या भागांत, दुकानांना सूट दिली.

भारताला यातून नेमके काय घेता येईल? सरडेवाडीच्या नाक्यावरील नियम त्यातल्या त्यात कमी आक्षेपार्ह म्हणावा लागेल. तेथे रोख देणाऱ्यामुळे मागच्या साऱ्या रांगेचा वेळ जातो, आणि मोटारीचा धनी हा समाजातील शेवटचा माणूस नव्हे. आक्षेप आहे तो दुपटीच्या प्रमाणाला, कारण रांगेच्या खर्चाशी त्याचा मेळ कोणी दाखविलेला नाही. कायद्याचे संरक्षण हवे ते अन्न, औषध, प्रवास, शिक्षण आणि वीज या गरजांसाठी. जेथे गल्ल्यावर माणूस बसलेला आहे, तेथे समजा दोन हजार रुपयांपर्यंतची रक्कम रोखीने आणि जादा आकाराविना घेतलीच पाहिजे, अशी तरतूद संसदेला रिझर्व्ह बँक कायद्यात करता येईल. निर्मनुष्य यंत्रे आणि केवळ ऑनलाइन चालणारी दुकाने तीतून वगळावीत. दुकानदारावर अन्याय नको म्हणून नाण्यांचा व लहान नोटांचा पुरवठा बँकांच्या शाखांकडून नियमित होण्याची जबाबदारीही त्याच तरतुदीत असावी.

दिल्लीची वाट पाहण्यापूर्वी राज्य सरकारला आपल्या घरात बरेच करता येईल. एसटीच्या तिकिटासाठी आणि सरकारी दवाखान्यांच्या शुल्कासाठी रोख खिडकी कायम राहील, असे सांगण्यास एक शासन निर्णय पुरेसा आहे. विद्यापीठांना परीक्षा शुल्काचे चलन जवळच्या सहकारी बँकेत रोखीने भरण्याची सोय पुन्हा सुरू करण्यास सांगता येईल. महावितरणच्या पाच हजारांच्या मर्यादेचा प्रश्न मात्र वीज नियामक आयोगापुढे न्यावा लागेल. दरनिश्चितीच्या वेळी आयोग जाहीर सुनावणी घेतो, आणि तीत कोणाही ग्राहकाला लेखी हरकत नोंदविता येते.